वहीतली पोरं

माझं गणित चांगलं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर कुणी ते मान्य करणार नाही. भोरच्या शाळेत मी गणितात कायम पहिली यायची. नाही आले तर दोन दिवस जेवायची नाही, त्यामुळं घरचेही माझ्या नंबराची काळजी वाहायचे. मला पुण्याला कॉलेजात पाठवायचं की नाही यावर वडिलांनी वर्षभर विचार केला आणि शेवटी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातलं. तो राग मी पुढं बरीच वर्षं जपून ठेवला होता.

सत्तर सालाच्या आगंमागं मी राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अंगाला असलेल्या एका वाडीत शाळेवर होते. भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एस.टी. आणि उरलेलं पायी. शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली, चार इयत्ता आणि मी. नवरा भाटघरला धरणावर कारकून होता, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. माझ्याजवळ सहा महिन्यांची मुलगी होती. बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे मी तिच्या वेळी भोरला गेले होते आणि तिला घेऊन वाडीला परत आले होते. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शाळा मोडून शेजारच्या गावात घालायची, असं तेव्हा वरून बोललं जात होतं. माझा पट अठरा होता. शेजारचं गाव ओढ्यापलीकडं, आणि ओढ्याला चार महिने पाणी. मुलगे काय, कुणाच्या तरी खांद्यावर बसून गेले असते. मुलींना खांद्यावर घेऊन शाळेला नेणारा बाप मी अजून बघायची आहे. माझ्या अठरात आठ मुली होत्या. त्यातली तिसरीतली एक त्रैराशिक तोंडी करायची, आणि तिची थोरली बहीण, जी शाळा सुरू व्हायच्या आधी मोठी झाली, तिला घड्याळ कळत नव्हतं. शाळा गेली तर पुढच्या सगळ्या मुली त्या थोरलीसारख्या होणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

अशात तालुक्याच्या साहेबांचा कागद आला. लहान शाळांनी पुढच्या पाच वर्षांच्या पटाचा अंदाज लेखी द्यावा. बाकीच्या गुरुजींनी ‘पट वाढेल अशी आशा आहे’ असं एका ओळीत लिहून टाकलं. मला ते वाचून संताप आला. आशा हा काय आकडा आहे? मी ठरवलं, साहेबांना गणित म्हणजे काय ते दाखवायचं.

जन्ममृत्यूची वही पोलीस पाटलांकडं असायची. ती त्यांच्या घरी भाताच्या कणगीवर ठेवलेली होती आणि तिला भाताचाच वास यायचा. मी मागच्या आठ वर्षांचे जन्म मोजले. नऊ, नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन. एवढी शिस्त माझ्या वर्गातही नव्हती. भोरहून आलेखाचा कागद मागवला, ठिपके मांडले, दोन टाचण्यांना दोरा ताणून रेघ मारली. रेघ तीन वर्षांत खाली टेकत होती. म्हणजे तीन वर्षांनी वाडीत मूल जन्माला येणं बंद, आणि त्यानंतर सहा वर्षांनी पहिलीत कुणी नाही.

मग मला चव लागली. मृत्यूही मांडले. ते वाढत होते. म्हातारी माणसं जात होती, दरवर्षी थोडी जास्त. दोन रेघा एकमेकींना कापून आपापल्या वाटेनं निघून गेल्या. वजाबाकी पुढं चालू ठेवली तर मी निवृत्त व्हायच्या सुमाराला वाडीत एक माणूस उरत होता. त्याच्या पुढच्या वर्षी उणे चार. उणे माणसांचं काय करायचं ते ट्रेनिंगला शिकवलं नव्हतं, म्हणून मी रेघ एक माणूस असतानाच थांबवली.

आलेख देवळात नेऊन सगळ्यांना समजावून सांगितला. देवळात बसायला येणारे सगळे साठीच्या पुढचे. आयुष्यभर मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत राबून शेवटाला गावाकडं आलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकानं विचारलं की या रेघेवर तो कितव्या साली जातो. मी म्हटलं, असं एकेकाचं सांगता येत नाही. तो म्हणाला की मग काय उपेग. बाकीच्यांनी मात्र मान डोलावली आणि वाडीत आता म्हातारीच ऱ्हायलीत हे खरं, असा एकमतानं निकाल दिला. सुनांपैकी कुणी तिथं नव्हतं, देवळात बसायची त्यांना सवड कुठली? आणि वाडीची सुईण पायरीच्या खाली उभी होती. ती बौद्धवाड्यातली. बाळंतपणात तिला घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत नेत, एरवी तिला उंबऱ्याच्या बाहेर पाणी देत. त्यामुळं देवळात तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, शाळा वाचवायची होती तर असला कागद दिलात कशाला? मला वाटलं, हे वाचून वरच्या लोकांचे डोळे उघडतील. वाडी ओस पडतेय म्हटल्यावर ओढ्यावर पूल बांधतील, रस्ता करतील, दवाखाना देतील. माणसाला आपलं गणित बरोबर आलं की जग आपोआप सुधारेल असं वाटतं. मी आलेख झकास शाईत काढला, खाली सही केली आणि स्वतः एस.टी.नं जाऊन साहेबांच्या हातात दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेब खूश झाले. माणूस वाईट नव्हता. एवढी वर्षं त्यांना कुणी आलेख दिलेला नव्हता. त्यांनी तो खिडकीजवळ नेऊन उभा धरला, आडवा धरला, आणि मला चहा पाजला. संक्रांतीच्या आधी त्यांचा कागद आला. शिक्षिकेच्या अभ्यासपूर्ण अंदाजाचा विचार करता ही शाळा येत्या जूनपासून शेजारच्या गावात सामावून घेण्यात येत आहे. अभ्यासपूर्ण हा शब्द मी दोनदा वाचला. पहिल्यांदा मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही.

वाडीतल्या बायका मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पाणवठ्यावर मी गेले की त्या हंडे उचलून वाट करून देत. त्रैराशिकवालीच्या आईनं पाटी परत आणून दिली. म्हणाली की जूनपासून लागणार न्हाई, दुसऱ्या कुणाला द्या. पाटी शाळेची नव्हतीच, तिचीच होती. मी ती घेतली नाही आणि घरी येऊन रडले.

सुईण रोज सकाळी माझ्या मुलीला तेल लावून न्हाऊ घालायला यायची. वय तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, मी तिला आजी म्हणायची. पाय पसरून त्यावर पोरीला पालथी घालायची आणि वाडीतल्या सगळ्या घरांच्या बातम्या सांगत पाठ चोळायची. त्या दिवशी ती काही बोलत नव्हती. माझ्या आलेखाची कच्ची प्रत भिंतीवर होती, तिच्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं की हे ठिपके म्हणजे काय. मी सांगितलं, एकेका वर्षाला वाडीत किती पोरं जन्मली, ते. ती थोडा वेळ चोळत राहिली.

“मंग हे लेकरू कुठल्या ठिपक्यात हाय?”

मी बोट ठेवायला उठले. शेवटचा ठिपका, तीनचा. ती तिन्ही बाळंतपणं मला माहीत होती. माझी मुलगी त्यात नव्हती. ती भोरला जन्मली होती, तिची नोंद भोरला. मी बोट हवेत धरून उभी राहिले.

“त्या वहीत हाईत ती लेकींची लेकरं, बाई,” सुईण म्हणाली. “बाळंतपणाला माहेरी आल्या, सव्वा महिन्यानं आपापल्या गावाला गेल्या. हितं ऱ्हात्यात ती सुनांची. ती वहीत न्हाईत.”

आणि मग मला सगळं सुचत गेलं, एकामागून एक. वाडीच्या सुना बाळंतपणाला बाहेर जातात, त्यांची मुलं दुसऱ्या गावच्या वहीत. वाडीच्या लेकी बाळंतपणाला इकडं येतात, त्यांची मुलं आमच्या वहीत. म्हणजे जी पोरं माझ्या शाळेत कधीच येणार नव्हती, नेमकी तेवढीच मी मोजली होती. ती का कमी होत होती? सुईण म्हणाली, आता लेकींना भोरला दवाखान्यात नेतात, माझ्याकडं येतंय कोण. आणि लेकी तिसऱ्या-चौथ्यालाही यायच्या, ते कुटुंब नियोजनाच्या लाल त्रिकोणवाल्या नर्सबाईनं थांबवलं. रेघ खाली जात होती ती वाडीची नव्हतीच. ती सुईणीच्या धंद्याची होती. मृत्यूंचंही तेच. मुंबईला जन्म काढलेली माणसं मरायला तेवढी गावाकडं येत होती. जन्म बाहेर, मरण इथं, आणि मी दोन्हीची वजाबाकी करून बसले होते.

मी पाटलांकडं जाऊन वही पुन्हा काढली. या वेळी नावं वाचली. बापाच्या नावाच्या रकान्यात पाटील घरच्या कर्त्याचं, म्हणजे बाळंतिणीच्या बापाचं, नाव लिहीत आले होते, कारण बाप कुठं जागेवर असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं वरच्या आळीतल्या एका सत्तरीच्या म्हाताऱ्याला आठ वर्षांत सहा मुलं झाल्याची सरकारी नोंद होती. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी त्याच महिन्यात चौथीला शिकवली होती, आणि तीही पोरीला काखेत घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून सुईण आणि मी घरोघर फिरलो. ती एकेका घरापुढं उभी राहून सुनांची लेकरं सांगायची, मी लिहायची. एकही जन्मताना तिनं पाहिलं नव्हतं, तरी सगळी तिला वयानिशी ठाऊक, कारण तेल लावायला तीच. सहा वर्षांखालची सव्वीस निघाली. ती रोज माझ्या वाटेत खेळत होती. एकदोघांना तर मी शाळेच्या दारातून हाकललं होतं.

नवी यादी घेऊन मी साहेबांकडं गेले. सगळं समजावलं, सासर-माहेर, लेकी-सुना. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी विचारलं की पहिला आलेख कशावरून केला. म्हटलं, सरकारी वहीवरून. आणि ही यादी? म्हटलं, सुईणीच्या आठवणीवरून.  मग समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, मी सरकारी वही खोटी ठरवून सुईणीची आठवण खरी धरली, तर माझी नोकरी कुठल्या वहीत राहील? पण शेवटी त्यांनी एक सवलत दिली. ते स्वतः येतील. पोरं डोळ्यांनी दिसली तर बघू. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना सवड होती, वैशाखातला एक दिवस ठरला. मी आनंदानं हो म्हटलं. शेतात काम नाही, सगळे घरी असतील, असा माझा हिशोब.

शाळेला सुटी लागली आणि मी मुलीला घेऊन भोरला माहेरी गेले. हेही वाक्य लक्षात ठेवायला हवं होतं.

तपासणीच्या आदल्या दुपारी मी वाडीत परत आले. वाडी पोरांनी नुसती गजबजली होती. मला बरं वाटलं. मग एकाही पोराचं नाव मला येईना. ओळखीचा एकही चेहरा नाही. मी सरळ सुईणीचं घर गाठलं. ती दारात तांदूळ निवडत होती.

“अक्षय तृतीयेला सुना गेल्या न्हवं माहेराला, पोरं घेऊन,” ती म्हणाली. “आन लेकी आल्यात. तुमी कुठं गेलावता?”

माझी सव्वीसच्या सव्वीस पोरं त्या दिवशी मावळात, मुळशीत, पुरंदरात आपापल्या आजोळी आंबे खात होती. त्यांना एका दिवसात आणणं माझ्या बापाला शक्य नव्हतं. मला स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. एकच चूक दोनदा, आणि दोन्ही वेळा मी स्वतः तेच करत असताना! सुईणीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली की साहेब पोरं बघाया येणार ना, मग पोरं हाईत की. मी म्हटलं, आजी, ती आपली नाहीत. ती म्हणाली की उद्या बघू, आणि तांदूळ निवडायला लागली.

साहेब दहा वाजता आले. शाळेच्या अंगणात पोरं ओळीनं बसवली होती, सगळी लेकींची. आज्या त्यांच्या मागं उभ्या. ओळीच्या शेवटाला सुईण माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. साहेबांनी डोकी मोजली. मग माझ्याकडं वळून विचारलं की बाई, ही सगळी या वाडीचीच ना?  खोटं उत्तर द्यायची मला सवय नव्हती, आणि खरं उत्तर दिलं तर त्रैराशिकवालीची पाटी कायमची गेली.

“समदी हितंच जल्मलीत, साहेब,” सुईण बसल्या जागेवरनं म्हणाली. “माज्या हातची हाईत. वहीत बगा की.”

साहेबांना वहीचं नाव काढलेलं आवडलं. पाटलांनी वही आणली. साहेब एकेक नोंद वाचू लागले, घराचं नाव, मुलगा की मुलगी, साल. त्या घरची आजी नातवाला पुढं करायची, साहेब खूण करायचे. काही नोंदींना मूल निघालं नाही, त्या साहेबांनी सोडून दिल्या, पण बसलेल्या प्रत्येक मुलाला नोंद निघत होती. वरच्या आळीतल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याची चार मुलं ओळीनं उभी राहिली आणि साहेबांनी त्याच्याकडं जरा आदरानं बघितलं. ज्या वहीनं शाळा बुडवली होती, तीच वही पान उलटत शाळा वर काढत होती. मला सगळं दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी चुकीचं उत्तर पुसलं नाही.

शेवटाला साहेब सुईणीपाशी आले. डोकी तेवीस झाली होती, खुणा बावीस. मांडीवरच्या पोरीकडं बोट करून त्यांनी विचारलं की हे कुणाचं. मी म्हटलं, माझी मुलगी. त्यांनी वही चाळली, मागं गेले, पुढं आले.

“ही वहीत नाही, बाई,” ते म्हणाले. “हिला इथली धरता येणार नाही.”

त्यांनी तेवीसचा आकडा खोडून बावीस केला आणि त्यावर सही केली. शाळा चालू ठेवावी असं खाली लिहिलं. जाताना मला म्हणाले की तुमचा पहिला आलेखही छान होता, पण प्रत्यक्ष पडताळणीला तोड नाही. मी होय म्हटलं. ते ओढ्याकडं वळल्यावर मी सुईणीच्या शेजारी मातीत बसले आणि पोटात दुखेपर्यंत हसले, आणि मग रडू आलं ते थांबेना. ती पोरीला झोपवत राहिली.

जून उजाडायच्या आत लेकी गेल्या, सुना आल्या. त्यांच्या सव्वीसातली शाळेच्या वयाची झालेली पोरं पहिलीत बसली आणि पट वीसच्या वर गेला. पुन्हा कुणी मोजायला आलं नाही. पूल काही झाला नाही. त्रैराशिकवाली चौथी पास झाली आणि पुढं ओढ्यापलीकडं गेलीच नाही, ते मला थांबवता आलं नाही. पण तिला घड्याळ कळत होतं.

त्या दिवशी अंगणात बसलेल्या तेवीस पोरांतली बावीस आठवडाभरात आपापल्या बापांच्या गावाला गेली. त्यांच्यातलं एकही आमच्या शाळेची पायरी चढलं नाही. साहेबांनी खोडलेली तेवढी राहिली. पाच वर्षांनी जूनमध्ये सुईण तिला हाताला धरून शाळेच्या दारात घेऊन आली. तोवर आजी पार वाकली होती आणि तिच्याकडं वर्षवर्ष बाळंतपण येत नव्हतं. मी समोर हजेरीपट उघडून बसले होते.

“आता लिवा हिला वहीत,” ती म्हणाली.

मी लिहिलं.